पबमधला बडाखाना

"अरे, दुसरी जागा मिळाली नाही का तुला?"

ब्रिगेडियरसाहेबांचा फोन रात्री साडेनऊला आला. आवाजावरून पहिला पेग झालेला होता आणि दुसरा हातात होता. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण मी अजून त्यांच्याशी फोनवर बोलतानासुद्धा ताठ बसतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण वीरनारींच्या पेन्शनचं काम करतो, लोक आपल्यावर विश्वास टाकतात, आणि आपण सगळे भेटणार ते चर्च स्ट्रीटवरच्या पबमध्ये? 'लोक काय म्हणतील' असं ब्रिगेडियर म्हणत नाहीत. ते म्हणाले, "इट डझन्ट लुक राइट."

मी "सर, एकदा येऊन तर बघा" एवढंच बोललो. पूर्ण उत्तर त्या वेळी सुचलं नव्हतं. ते आज लिहितो आहे, कारण त्यानंतर हाच प्रश्न मला आणखी चौघांनी विचारला, आणि आता पुण्या-नाशिकचे आपले स्वयंसेवकही 'आम्ही करावं का असं काही?' म्हणून विचारू लागले आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा हा समूह ऑनलाइनच जन्मला आणि ऑनलाइनच वाढला. निवृत्त सैनिक, त्यांची मुलं-मुली, काही वीरनारी आणि माझ्यासारखे मोजके सेवेतले. बहुतेक जण मराठी. काम एकच. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या घरांमधून निवृत्तिवेतनाचे प्रश्न येतात आणि ज्याला जे माहीत आहे तो ते सांगतो. आपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावात घरटी एक फौजी असतो, पण म्हणून घरटी एक पीपीओ वाचणारा असतो असं नाही. निवृत्तिवेतन 'स्पर्श' प्रणालीवर गेल्यापासून तर मोबाइल, आधार, ओटीपी, बँक खातं असं सगळं एका रेषेत लागतं. सत्तरीच्या आजीला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि बोटांचे ठसे शेतकामाने झिजलेले असतात. अशा वेळी कुणीतरी फोनवर शांतपणे पायरी-पायरीने सांगणारं लागतं. ते आम्ही करतो. मी सेवेत असल्याने मतं मांडत नाही, फॉर्म कुठला आणि तो कुठे जातो एवढंच सांगतो.

बंगळुरूला माझी पोस्टिंग आली तेव्हा कळलं की आमच्यातले बावीस जण याच शहरात आहेत. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी टेक पार्कच्या सुरक्षेत, कुणी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. पाच-सहा वर्षं रोज एकमेकांशी लिहून बोलणारी माणसं एकाच शहरात राहतात आणि एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत. एकदा तर आमच्यातले दोघे मराठहळ्ळीच्या एकाच सोसायटीत राहतात हे दोन वर्षांनी कळलं.

तुम्ही म्हणाल, काम चाललंय ना? मग भेटायचं कशाला?

दोन कारणं सांगतो. पहिलं, जुलै २०२०. त्या महिन्यात लष्कराने सेवेतल्या सगळ्यांना ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं आणि आम्ही ती काढली. पण आमचा समूह ज्या ॲपवर होता तेही त्या यादीत होतं. एका रात्रीत आमच्यातले सेवेतले सगळे दिसेनासे झाले. कोण कुठे आहे, कुणाचा नंबर काय, काही नाही. ज्या माणसाबरोबर मी दीडशे-दोनशे प्रकरणं निस्तरली, त्याचं आडनाव मला माहीत नव्हतं. तो मला पुन्हा सापडायला सात महिने लागले.

दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. खटाव तालुक्यातल्या एका वीरनारीच्या नावात घोळ होता. आधारवर नावापुढे 'बाई' होतं, पीपीओवर नव्हतं. एवढ्याशा अक्षरांवर सगळं अडलं. तिने समूहात विचारलं. आमच्यातल्या एकाने तिला सांगितलं, आधार बदलून घ्या, 'बाई' काढा. त्याच आठवड्यात दुसऱ्याने स्वतंत्रपणे सांगितलं, आधारला हात लावू नका, प्रतिज्ञापत्र करून फौजेच्या रेकॉर्डमध्ये 'बाई' लावून घ्या. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर. बाईंनी दोन्ही केले. काही महिन्यांनी दोन्ही कामं झाली. आधारवरून 'बाई' गेली आणि पीपीओवर आली. घोळ होता तसाच, फक्त उलटा.

हे ऐकून हसू येतं. मलाही आलं होतं. मग मी हिशोब केला की त्यात त्यांचे तालुक्याच्या गावी किती खेटे झाले असतील, दर वेळी एसटीचं तिकीट, बुडालेला रोज, आणि हसू गेलं. समूहात त्यावरून दोन्ही सल्लागारांची जुंपली. मुद्देसूद, सभ्य भाषेत, क्रमांक घालून. लेखी भांडण असं असतं की त्यात माणूस माघार घेऊच शकत नाही, कारण त्याचं आधीचं वाक्य वरच लिहिलेलं असतं. दोघांनी एकमेकांच्या प्रकरणांना उत्तर देणं थांबवलं, आणि त्यातल्या एकाने मला खाजगीत कळवलं की तो आता बास करतो आहे. त्याला समूहात सगळे 'गुरुजी' म्हणायचे, कारण त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. पार्ट टू ऑर्डर कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाते हे तो झोपेतही सांगू शकला असता.

तेव्हा ठरवलं, भेटायचं.

आणि पहिल्यांदा मी जे केलं ते अस्सल फौजी पद्धतीने केलं, म्हणजे चुकीचं. ऑफिसर्स इन्स्टिट्यूटमधली छोटी खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी सात. 'अनौपचारिक भेट, ड्रेस कॅज्युअल.' ज्यांनी फौजेत दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे की आमच्याकडे कॅज्युअलचेही नियम असतात. खडकवासल्याला आम्हाला मुफ्तीसुद्धा नेमून दिलेली असायची, कुठली पँट आणि कुठला टाय. त्यामुळे 'कॅज्युअल' वाचलं की अर्धे लोक पहिल्यांदा विचारतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट ना?

बावीसपैकी सात आले, आणि सातांत पाच माजी अधिकारी. बाकीच्यांना गेटवर ओळखपत्र, गाडीचा पास, आत कुणाला भेटायचं याची नोंद. बाहेरच्या माणसाला हा पाहुणचार वाटत नाही. गुरुजी आले नाहीत. सॉफ्टवेअरमधला मुलगा आला, गेटवर वीस मिनिटं उभा राहिला, आत येऊन एक सूप प्यायला आणि निघून गेला. उरलेल्या आम्ही पाच-सहा जणांनी कुणाची पोस्टिंग कुठे झाली याच्या गप्पा मारल्या. ब्रिगेडियरसाहेबांनी बिलावर सही केली. छान संध्याकाळ होती. समूहाशी तिचा काही संबंध नव्हता.

खरं तर फौजेला अशा भेटीची गरज कळते. त्यासाठीच आपल्याकडे बडाखाना आहे. अधिकारी आणि जवान एका मांडवात जेवतात, अधिकारी वाढतात, कुणीतरी लेझीम काढतं, कुणी मिमिक्री करतं. मला बडाखाना मनापासून आवडतो. पण वीस-बावीस वर्षं बघतो आहे, सीओसाहेब मांडवातून निघाले की मगच मांडवात आवाज वाढतो. तोवर जवान हसतो तोसुद्धा जरा सावधानमध्ये. यात कुणाचा दोष नाही. जागा आपली असते, खुर्च्या आपण लावलेल्या असतात, आणि कोण कुठे बसणार हे त्या खुर्च्यांनाही ठाऊक असतं.

ऑनलाइन आमच्यात हे नव्हतं. तिथे कुणाच्या नावापुढे हुद्दा नाही, उत्तर बरोबर की चूक एवढंच. ते समानपण जसंच्या तसं जमिनीवर उतरवायचं तर कुणाच्याच मालकीची नसलेली जागा हवी होती. मग मी सवयीप्रमाणे कागद घेऊन ॲप्रिसिएशन करायला बसलो. बायको म्हणाली, चहा प्यायला भेटायचंय की टेकडी घ्यायचीये? पण हा विनोद नाही. बैठक भरवणं सोपं असतं, तिला विषयपत्रिका सांभाळून नेते. सहज भेटीला सांभाळणारं काही नसतं, म्हणून तिचं स्टाफ वर्क जास्त.

एखाद्या मंडळाचा हॉल? हॉल आला की मंच येतो, मंच आला की माइक, आणि माइक आला की शाल-श्रीफळ. कब्बन पार्क? झाडाखाली बावीस माणसं गोलात बसली की ती सभा दिसते, शिवाय साठीच्या गुडघ्यांना गवत आणि साठीच्या प्रोस्टेटला लांबचं स्वच्छतागृह मानवत नाही. दर्शिनी? इडली-वडा आणि फिल्टर कॉफीसाठी बंगळुरूच्या दर्शिनींना तोड नाही, पण तिथे उभ्याने खायचं असतं आणि दहा मिनिटांत मागचा माणूस तुमच्या ताटाकडे बघायला लागतो. कुणाच्या घरी? यजमानीण दिवसभर राबणार आणि पाहुणे दबून बसणार.

तीन तास बसू देणारी, उठा न म्हणणारी, आलं-गेलं तर कुणाच्या लक्षात न येणारी जागा म्हणून पब उरला. यात मी काही नवा शोध लावला नाही. लंडनमध्ये विकिपीडियाचे संपादक वर्षानुवर्षं महिन्याच्या एका रविवारी पबमध्ये जमत आले आहेत. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचे स्वयंसेवकही तसेच पबमध्ये भेटतात. नेपाळच्या २०१५च्या भूकंपानंतर जगभरच्या हजारो लोकांनी घरबसल्या ज्याच्यावर रस्ते आणि वस्त्या रेखाटल्या, तोच हा नकाशा. जर्मनीत तर याला शब्दच आहे, श्टामटिश, म्हणजे नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल. मंडळी येतात, कुणी येत नाही, टेबल तिथेच असतं.

आणि बंगळुरूत फौजी माणसाने पबला परकं का मानावं? हा सगळा भाग जुन्या कॅन्टोन्मेंटचा. आजचा एमजी रोड म्हणजे पूर्वीचा साउथ परेड. ब्रिगेड रोड, इन्फंट्री रोड, आर्टिलरी रोड ही नावं अजून आहेत, कॅव्हलरी रोडचा तेवढा कामराज रोड झाला. आपल्याच नावाच्या रस्त्यांवरून चालत आपण पबपर्यंत जातो.

तरीही दारूचा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. तो ब्रिगेडियरसाहेबांच्या 'दिसण्या'च्या आक्षेपापेक्षा खोल आहे. फौजेतून कॅन्टीनच्या कोट्यासह घरी आलेल्या माणसाने घर कसं धुळीला मिळवलं हे आपल्यातल्या प्रत्येकाने एका तरी घरात पाहिलं आहे. आमच्यातल्याच एका स्वयंसेवकाने मला खाजगीत सांगितलं, "सर, मला सोडून नऊ वर्षं झाली. मी त्या वासात बसणार नाही." मी त्याला 'अरे, तू सोडा घे' असं म्हणालो नाही, आणि कुणीही म्हणू नये. त्याला दर महिन्याला मी वेगळा भेटतो, बसवनगुडीत, कॉफीवर, उभ्या उभ्याच. पबमुळे एक माणूस बाहेर राहिला हे मी मान्य करतो. हॉल आणि इन्स्टिट्यूटमुळे पंधरा राहिले होते.

मग वेळ बदलली. रात्र काढून टाकली. रविवार, दुपारी बारा ते तीन. दुपारी पब म्हणजे खिडकीतून ऊन येणारं, जेवण चांगलं मिळणारं उपाहारगृहच असतं, गाणी हळू असतात आणि पिणारेही हळू असतात. हे मला सुचलं नव्हतं, आमच्या एका वहिनींना सुचलं. त्या वीरनारी आहेत. त्यांचा नवरा गेला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, आता इथे एका शाळेच्या कार्यालयात काम करतात आणि समूहातलं हयातीच्या दाखल्यांचं निम्मं काम त्या एकट्या करतात. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, मला पबचं काही वाटत नाही. पण उद्या कुणी फोटो टाकला आणि माझ्या सासरी दिसला, तर तिथे कुणी विचारणार नाही की मी लिंबूसरबत प्यायले की काय प्यायले." म्हणून दोन गोष्टी ठरल्या. दुपार, आणि एकही फोटो नाही. फोटोबंदी मला माझ्यासाठीही हवीच होती. ऑनलाइन ओळखीची माणसं प्रथमच भेटताना सेवेतल्या माणसाने काय जपायचं हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या कारणाने हा नियम केला असता तर तो हुकूम वाटला असता. वहिनींच्या कारणाने तो सगळ्यांना पटला.

बाकीची तयारी पटकन सांगतो. जागा मेट्रोला लागून, कारण ऑक्टोबर २०२३मध्ये पर्पल लाइन व्हाइटफील्डपर्यंत सलग झाल्यापासून टेक पार्कवाला माणूस एका गाडीत एमजी रोडला उतरतो. लांब टेबल अजिबात नाही. लांब टेबलाला टोक असतं, आणि टोकाला कुणीही न सांगता ब्रिगेडियर जाऊन बसतो. दोन चौकोनी टेबलं घेतली, जरा अंतर ठेवून, म्हणजे माणसं उठून इकडची तिकडे होतात. मी अर्धा तास आधी जाऊन दाराकडे तोंड करून बसणार, निळा चौकड्यांचा शर्ट, टेबलावर काळी छत्री, हे आधी कळवलं. अनोळखी जागेत एकट्याने शिरून 'आपली मंडळी कुठली' हे शोधणं भल्याभल्यांना नको वाटतं. कित्येक जण दारातून परत जातात आणि मग कळवतात की तब्येत बरी नव्हती.

गुरुजी जवळजवळ तसेच परत गेले होते.

बारा वाजून दहा मिनिटं झाली तरी ते दिसेनात. मी बाहेर आलो तर पायऱ्यांच्या खाली एक साठीचा, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला, मिशा कोरलेला माणूस दारावरच्या गार्डशी बोलत उभा. मला बघून त्यांनी आपोआप टाचा जुळवल्या. "राम राम साहेब." म्हणजे हे गुरुजी. माजी हवालदार क्लार्क. समूहात त्यांनी हुद्दा कधी सांगितला नव्हता, आम्हीही विचारला नव्हता. मी मनात त्यांना निदान सुभेदार मेजर करून टाकलं होतं.

"चला ना आत," मी म्हणालो.

"येतो साहेब. हे आपले मद्रास रेजिमेंटचे, जरा बोलत होतो."

पाच मिनिटं झाली, तरी ते तिथेच. शेवटी हळूच म्हणाले, "साहेब, मी व्हाइटफील्डला एका पार्कात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तिथेही असं हॉटेल आहे खाली. आठ वर्षं मी दारात उभा आहे. आत कधी गेलो नाही. यांच्यासमोरून आत जायचं म्हणजे..." आणि त्यांनी गार्डकडे पाहिलं.

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. सगळं ॲप्रिसिएशन मी केलं होतं, मेट्रो, टेबलं, छत्री, आणि हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. उत्तर गार्डने दिलं. त्याने दार उघडून धरलं आणि फौजी हिंदीत म्हणाला, "जाइए उस्ताद, आज मेरी ड्यूटी है, आपकी छुट्टी."

आत चौदा जण होते. बावीसमधले चौदा, हे मी यश मानतो. ब्रिगेडियरसाहेब आले होते, टी-शर्ट घालून, त्यांना मी तशा कपड्यांत पहिल्यांदाच पाहिलं. गुरुजी येताच त्यांचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं आणि ब्रिगेडियरसाहेब खुर्चीतून उठले. "तुम्ही गुरुजी? माझ्या आईचं फॅमिली पेन्शन तुम्ही सोडवलंत." गुरुजी आधीच उभे होते, त्यामुळे आता दोघेही उभे. कोण आधी बसणार हा प्रश्न बराच वेळ हवेत राहिला. वहिनींनी दोघांच्या मध्ये मेनूकार्ड धरलं आणि विचारलं, "पनीर मागवू की चिकन?" दोघेही बसले.

त्या तीन तासांत आम्ही कामाबद्दल बोलायचं ठरवलं नव्हतं. पहिला तास गुडघे, मुलांच्या ॲडमिशन आणि बंगळुरूची ट्रॅफिक यातच गेला. पण मग कधीतरी बघितलं तर गुरुजी आणि तो सॉफ्टवेअरमधला मुलगा एका कोपऱ्यात पेपर नॅपकिनवर काहीतरी काढत बसले होते. मुलगा म्हणजे एका नायब सुभेदाराचा पोरगा, वय सत्तावीस. आधार बदला म्हणणारा तोच होता, आणि रेकॉर्ड बदला म्हणणारे गुरुजी. हे त्यांना एकमेकांना भेटल्यावर कळलं, कारण समूहातली नावं वेगळीच होती. गुरुजी नॅपकिनवर रेकॉर्डच्या कागदाचा प्रवास काढून दाखवत होते आणि पोरगा त्याच्यावर पेनाने बाण मारत होता की इथे संगणक काय तपासतो. दोघांनाही अर्धं अर्धं माहीत होतं. लेखी भांडणात महिने गेले होते, नॅपकिनवर वीस मिनिटं लागली. ठरलं असं की कुठलंही प्रकरण एकाच्याच हातात राहील, दुसऱ्याला काही वेगळं वाटलं तर तो त्या माणसाला फोन करेल, घरच्यांना नाही.

वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे केस-केस म्हणता. ही केस, ती केस. मी केस होते. एकोणीस महिने. तेव्हा मला रोज वाटायचं की त्या बाजूला जी माणसं आहेत ती एकमेकांशी बोलत तरी असतील."

टेबलावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग चिली चिकन आलं.

बिलाचं सांगायला हवं, कारण अशा भेटी बिलावर मोडतात. आपल्याकडे सीनियरने पैसे देणं हा शिष्टाचार आहे आणि तो प्रेमाचाच आहे. पण ज्याचं बिल दुसऱ्याने भरलं तो पुढच्या वेळी पाहुणा म्हणून येतो, किंवा येतच नाही. मी वेटरला आधीच वेगवेगळी बिलं करायला सांगून ठेवलं होतं. ब्रिगेडियरसाहेबांनी कार्ड काढलं, मी मान हलवली. ते चिडले. खरंच चिडले. "अरे, मी सीनियर आहे इथे." मी म्हणालो, "सर, इथे नाही." वीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं. त्यांनी कार्ड परत ठेवलं आणि मग स्वतःच जुना किस्सा काढला, की याच शहरातल्या बंगलोर क्लबच्या १८९९च्या वहीत लेफ्टनंट चर्चिलच्या नावावर तेरा रुपये वसूल न होणारी बाकी म्हणून लिहिले आहेत. "निदान आपण त्याच्यापेक्षा बरे," ते म्हणाले. गुरुजींनी आपले दोनशे चाळीस रुपये मोजून ठेवले, फ्रेश लाइम सोडा आणि अर्धी प्लेट. वर वीस रुपये टिप. मेनूकार्ड स्वस्त असलेली जुनी जागा मी मुद्दाम शोधली होती. नव्या ब्रूअरींमध्ये गेलो असतो तर हाच आकडा तिप्पट झाला असता आणि गुरुजींनी तोही मोजून दिला असता, पण पुन्हा आले नसते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरवाला मुलगा दोन महिन्यांनी पुण्याला बदलून गेला. दुसऱ्या भेटीला नऊच जण होते. ब्रिगेडियरसाहेब आता भेटीनंतर 'थोडक्यात मिनिट्स' पाठवा म्हणतात आणि मी पाठवत नाही. खटावच्या बाईंचं नाव शेवटी जुळलं, पण त्याचं श्रेय पबला देणं बरोबर नाही, ते गुरुजींच्या चिकाटीचं आहे. एवढं मात्र झालं की ते बास करतो म्हणाले होते आणि त्यांनी बास केलं नाही.

पुण्या-नाशिकच्या मंडळींनो, तुमच्याकडे पबच हवा असं काही नाही. तुमच्या गावात तीन तास बसू देणारी खानावळ असेल, एखादा जुना इराणी असेल, नाशिकला मिसळीची मोकळी अंगणं आहेत. बघताना फक्त आपल्यातल्या ज्या माणसाला यायला सगळ्यात अवघड जाईल, त्याच्या जागी उभं राहून दार बघा. कॅन्टोन्मेंटच्या आत मात्र नको. आणि सीनियर म्हणून येणाऱ्यांना एक विनंती, कार्ड खिशातच राहू द्या.

माझी इथली पोस्टिंग आता संपत आली आहे. पुढची भेट कोण जमवणार म्हणून मी समूहात विचारलं. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री ड्यूटी संपल्यावर गुरुजींचा निरोप आला:

"साहेब, जागा मी बघून ठेवली आहे. आमच्याच पार्कात, खाली. रविवारी दुपारी रिकामी असते. दारावर मुलगा नवीन आहे, त्याला सांगून ठेवतो."